तासगावची संख्या : ४१६३१२

बेदाण्याच्या पेटीवर, लग्नपत्रिकेवर आणि बँकेच्या अर्जावर तासगावकर जी सहा अंकी संख्या लिहितात, ती ४१६३१२. पिनकोडची ही योजना १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर संस्कृत कवी म्हणूनही ख्यातनाम होते. पिनकोडमधील पहिले तीन अंक टपालाच्या वर्गीकरणाचा जिल्हा दर्शवितात, तर अखेरचे तीन अंक विशिष्ट टपाल कार्यालय. पत्त्यातून बाजूला काढून केवळ संख्या म्हणून पाहिल्यास तिचे स्वरूप कसे दिसते?

अवयव : ४१६३१२ = २ × २ × २ × १३ × ४००३. यातील ४००३ ही मूळ संख्या आहे. एकूण विभाजक १६ असून त्यांची बेरीज ८,४०,८४० होते. मूळ आकडा वगळता उरतात ४,२४,५२८, म्हणजे संख्येहून ८,२१६ अधिक. विभाजकांच्या बेरजेवरून संख्यांचे न्यून, पूर्ण व अधिक असे तीन वर्ग प्राचीन ग्रीक गणितज्ञांनी केले होते; त्यांपैकी ही 'अधिक' वर्गातील. ४००३ला ४ने भागल्यास बाकी ३ उरते व हा अवयव एकदाच येतो; त्यामुळे ही संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून मांडता येत नाही.

कापरेकरांच्या कसोट्या : देवळाली येथे १९३० ते १९६२ या काळात शाळेत शिकविणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी संख्यांचे अनेक वर्ग सुचविले. अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणारी ती हर्षद संख्या. येथे बेरीज १७ असून बाकी १६ उरते. एका अंकाने हर्ष हुकतो. ज्या संख्येला जनक नाही, ती स्वयंभू किंवा देवळाली संख्या. ४१६२९० मध्ये तिच्याच अंकांची बेरीज २२ मिळविल्यास ४१६३१२ येते. म्हणजे ती स्वयंभूही नाही.

अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करीत गेल्यास, सर्व अंक समान नसलेली चार अंकी संख्या अखेर ६१७४वर स्थिरावते. हा शोध कापरेकरांनी १९४९ मध्ये मांडला. सहा अंकांत असा एकच मुक्काम नाही. ६४३२११ − ११२३४६ = ५३०८६५ अशी सुरुवात करून तासगावची संख्या नवव्या पायरीला ८५१७४२वर पोहोचते आणि सात संख्यांच्या चक्रात फिरत राहते.

भेद कोणता? : अवयव कोणत्याही अंकपद्धतीत तेच राहतात; हर्षद, स्वयंभू हे गुण मात्र दशमान लेखनावर अवलंबून आहेत. याच कारणास्तव अनेक गणितज्ञांनी कापरेकरांचे काम दीर्घकाळ केवळ मनोरंजन मानले. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये त्यावर लिहिल्यानंतर ते जगभर पोहोचले.

एक व्यावहारिक गोष्ट लक्षात ठेवावी. 'आधार' क्रमांकातील अखेरचा अंक आधीच्या अंकांतील चूक पकडण्यासाठी असतो. पिनकोडमध्ये असा पडताळा अंक नाही. एखादा अंक चुकल्यास संख्या स्वतः ते सांगत नाही. म्हणून गावाचे नाव सोबत स्पष्ट लिहिणे अगत्याचे.