म्हैसूरची जावा आणि उस्तादांचे ४५ रुपये

परवा इथे कुणीतरी बेळगावच्या काँग्रेस रोडचा जुना फोटो टाकला होता. त्यात झाडाखाली एक जावा उभी दिसली आणि खाली प्रश्न होता, की या गाड्या इतक्या बंद का पडायच्या? मला राहवेना. जावा बंद पडायची हे खरं, पण का पडली हे घरी अंगणात बसून शोधून काढता यायचं. माझ्यावर ती पाळी आली होती, आणि त्यात एका भल्या माणसाचा मी अपमान केला होता. ते आज लिहितो.

आधी गाडीची कुळकथा. जानेचेक नावाच्या चेक कारखानदाराने १९२९ मध्ये वांडरर या जर्मन कंपनीकडून मोटारसायकलचं डिझाइन विकत घेतलं. जानेचेकचं ‘जा’ आणि वांडररचं ‘वा’, झाली जावा. आपल्याकडे इराणी मंडळींनी म्हैसूरला आयडियल जावाचा कारखाना काढला. १९६१ साली त्याचं उद्घाटन जयचामराजेंद्र वडियार यांच्या हस्ते झालं. १९७३ च्या सुमारास नाव बदलून येझदी आली, आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला.

आमच्या वडिलांनी जावा घेतली १९६८ साली. तेव्हा महाजन अहवालावरून गावात नुसता धुरळा उठला होता. शहापुरातल्या आमच्या ओट्यावर रोज संध्याकाळी म्हैसूर सरकारचा उद्धार व्हायचा, आणि त्याच ओट्याला टेकून म्हैसूरची गाडी उभी! कुणी टोमणा मारला की वडील म्हणायचे, "भांडण सरकाराशी आहे, यंत्राशी नाही."

२५० सीसी, दोन स्ट्रोक, एकाच सिलिंडरला दोन सायलेन्सर. गियरचा दांडा तोच किकचा दांडा, त्यामुळे नवखा माणूस हमखास फसायचा. विजेचा सगळा कारभार ६ व्होल्टच्या बॅटरीवर. बॅटरीतून करंट चावीच्या स्विचमधून कॉइलमध्ये, कॉइलमधून पॉइंटवर आणि तिथून बॉडीला. इंजिन फिरताना पॉइंट उघडले की कॉइलमधला करंट एकदम तुटतो आणि त्या झटक्याने हजारो व्होल्टची ठिणगी प्लगवर पडते. पॉइंटच्या जोडीला एक बोटाच्या पेराएवढा कंडेन्सर असतो. पॉइंट उघडताना तिथे उडू पाहणारा करंट तो गिळतो. म्हणून तोडणी झटक्यात होते आणि ठिणगीचं बळ पॉइंटवर वाया न जाता प्लगला मिळतं. हा कंडेन्सर उजव्या बाजूच्या झाकणात, डायनॅमोपाशी, अगदी इंजिनाच्या उबेत बसवलेला. आमची रड तिथेच होती, पण ते कळायला एक उन्हाळा गेला.

१९७८ चा एप्रिल. मी निपाणीच्या शाखेत होतो. सोमवारी पहाटे जायचं, शनिवारी अर्ध्या दिवसाने परत बेळगाव. सकाळी गाडी पहिल्या किकला चालू. दुपारी मात्र निपाणी सोडून तवंदीचा घाट चढला की फट्‌फट्‌ करून गप्प. अर्धा तास झाडाखाली बसलं की काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा चालू. मग संकेश्वर, मग हत्तरगी, मग काकती, असं ठेचकाळत घरी यायला रात्र व्हायची.

आमचे मिस्त्री खडे बाजाराजवळच्या एका बोळात बसत. सगळा गाव त्यांना उस्ताद म्हणायचा. त्यांनी गाडी ऐकली, प्लग बघितला आणि म्हणाले, "साहेब, गरम झाल्यावरचा रोग हाय. दोन दिवस ठेवा, गरम करून बघायला पायजे." मला दोन दिवस कुठले? सोमवारी शाखेत इन्स्पेक्शन. शिवाय बँकेतल्या एका सर्वज्ञाने सांगून ठेवलं होतं, की अशी लक्षणं म्हणजे कॉइल. मी म्हटलं, "उस्ताद, कॉइल बदला आणि मोकळे व्हा." ते म्हणाले, "बदलतो, पण कॉइलच हाय असं मी म्हणालो नाही हं." ४५ रुपये घेतले, कॉइल बदलली.

पुढच्या शनिवारी गाडी पुन्हा घाटात मेली. मी तसाच धुळीने माखलेला बोळात गेलो आणि चार गिऱ्हाइकांसमोर म्हणालो, "जुनीच कॉइल पुसून लावलीत काय?" उस्ताद काही बोलले नाहीत. आत गेले, कागदात गुंडाळलेली माझी जुनी कॉइल आणली, वर ४५ रुपये ठेवले आणि दुसऱ्या गाडीचं चाक काढायला बसले. मी निर्लज्जासारखा दोन्ही उचलून घरी आलो.

रात्री झोप लागली नाही. बँकेत ट्रायल बॅलन्स जुळला नाही की आम्ही काय करायचो? फरकाला आधी २ ने भागायचं, त्या रकमेची नोंद चुकीच्या बाजूला पडली आहे का बघायला. मग ९ ने भागायचं, आकड्यांची अदलाबदल झाली आहे का बघायला. एकेक शक्यता खोडत जायचं. फरक आला म्हणून कुणी लेजर बदलून आणत नाही. मी नेमकं तेच केलं होतं.

रविवारी सकाळी गाडी अंगणात घेतली. आधी हॉर्न, तो खणखणीत, म्हणजे बॅटरीत दम आहे. कार्बोरेटरवरचं बटण दाबलं, पेट्रोल ओघळलं. प्लग काढून त्याच्या भोकापासून लांब, फिन्सला टेकवून किक मारली (लांबच धरावा, आत पेट्रोलची वाफ असते, भडका उडतो). ठिणगी निळी, टप्पोरी. पॉइंटमधली फट ०.४ मिलिमीटर, प्लगची ०.६, दोन्ही पुस्तकाप्रमाणे. पोस्टकार्डाच्या पट्टीने पॉइंट पुसले. सगळं नीटच. थंड गाडी खोटी साक्ष देते. उस्तादांना दोन दिवस कशाला हवे होते ते मला तिथे कळलं.

मग गाडी स्टँडवर लावून चालूच ठेवली. वारा नाही, ऊन वाढतंय, दोन स्ट्रोकच्या धुराने गल्ली भरली. आई माजघरातून ओरडत होती, शेजारच्या काकू खिडक्या लावून घेत होत्या. वीस-पंचवीस मिनिटांनी गाडी मेली. आता घाई, थंड व्हायच्या आत बघायला हवं. हॉर्न तसाच खणखणीत. प्लग ओला, म्हणजे पेट्रोल पोचतंय. पण ठिणगी बारीक, पिवळट. उजवीकडचं झाकण काढून धाकट्या भावाला किक मारायला लावली, आणि पॉइंटवर बघतो तो काय, वेल्डिंगसारखा निळा-पांढरा लखलखाट! जे बळ प्लगवर जायला हवं ते पॉइंटवर जळत होतं. कॉइल मेली असती तर पॉइंटवर एवढी आतषबाजी झालीच नसती. म्हणजे गरम झाला की कंडेन्सर राम म्हणतो.

खात्री तर करायला हवी. समोरच्या काकांकडे फियाटचा जादा कंडेन्सर होता, तो मागून आणला. जुन्याची वायर सोडवली, फियाटचा कंडेन्सर बाहेरच वायरने जोडला, त्याचं अंग तारेने फिन्सच्या बोल्टला बांधलं. इंजिन अजून हाताला चटका देत होतं. पहिल्या किकला चालू. अर्धा तास चालली, आई बाहेर येऊन "आता पुरे रे बाबा" म्हणाली तेव्हा बंद केली.

दुपारी जेवलो नाही. ४५ रुपये आणि ती तारेने बांधलेली गाडी घेऊन बोळात गेलो. रविवार असूनही उस्ताद होते. काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, ते सगळं विसरलो. एवढंच म्हणालो, "कंडेन्सर होता. चुकलो मी." त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, माझी तारेची बांधणी बघितली आणि हसले. "हे काय करालाय साहेब, दावणीची गाय काय ही?" मग पत्र्याचा तुकडा कापला, त्याला दोन भोकं पाडली आणि कंडेन्सर टाकीखाली, कॉइलशेजारी, वारा लागेल असा बसवला. "तिथं आत भाजून निघतोय तो. भायेरच बरा." त्या कामाचे तीन रुपये घेतले. ४५ रुपये मात्र घेईनात. म्हणाले, "कॉइल तुमच्या गाडीत हाय, पैसे माझ्याकडं पायजेत, हे खरं. पण चार माणसांसमोर परत दिलेत, आता एकट्यात कसं घेऊ?"

मी पुढच्या शनिवारी गेलो. बोळात गर्दी असेल अशा वेळी, मुद्दाम. सगळ्यांच्या देखत काय झालं ते सांगितलं आणि पैसे पुढे केले. त्यांनी न मोजता खिशात टाकले आणि म्हणाले, "घ्या, चहा घ्या."

गाडी अजून आहे. पॉइंट मी दोनदा बदलले, कंडेन्सर तीनदा, पत्र्याचा तो तुकडा तोच आहे. नातू म्हणतो, "आजोबा, इलेक्ट्रॉनिक किट बसवू, पॉइंटची कटकटच नको." त्याचं बरोबर आहे, माझे डोळे आता ०.४ ची फट बघू शकत नाहीत. बसवू म्हटलंय. फक्त आधी एकदा गाडी तापवून, झाकण काढून, तो निळा लखलखाट कसा दिसतो ते त्याला दाखवणार आहे. जुना खराब कंडेन्सर डब्यात जपून ठेवलाय.

उस्तादांच्या दुकानाच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. त्यांचा फोटो माझ्याकडे नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकात खडे बाजाराजवळच्या त्या बोळात ज्यांच्या जावा-येझदी दुरुस्त झाल्या, त्यांच्यापैकी कुणाच्या अल्बममध्ये असेल तर इथे जरूर टाका.