कापराचे तेल

कापराचे तेल हे कापूर वृक्षाच्या (शास्त्रीय नाव: सिनॅमोमम कॅम्फोरा) लाकडापासून ऊर्ध्वपातनाने मिळणारे बाष्पनशील सुगंधी तेल आहे. खाज शमवण्याच्या गुणामुळे ते मलमे, केशतेले व सौंदर्यप्रसाधनांत वापरतात. ते त्वचेतून शरीरात शोषले जाते आणि अधिक मात्रेत विषारी ठरते. म्हणून ते निर्भेळ स्वरूपात त्वचेवर लावू नये.

प्रकार

या तेलाचे पांढरा, तपकिरी व पिवळा असे अंश वेगळे करतात. तपकिरी व पिवळ्या अंशांत सॅफ्रोल हे कर्करोगकारक मानले जाणारे द्रव्य असते. त्यामुळे प्रसाधनांसाठी पांढरा अंशच योग्य समजतात. पूजेच्या कापूरवड्या बहुधा टर्पेंटाइनपासून कृत्रिमरीत्या बनवतात. त्या त्वचेसाठी नसतात.

खानदेशातील वापर

जळगाव व धुळे जिल्ह्यांत उन्हाळ्यात तापमान ४५ अंश सेल्सियसच्या आसपास जाते व घामोळ्यांचा त्रास वाढतो. महाराष्ट्रात इतरत्र असल्याप्रमाणे येथेही खोबरेल तेलात कापूर विरघळवून कोंडा, उवा व खाज यांवर लावण्याची रीत आहे. मात्र कापराचा थंडावा ही केवळ चेतातंतूंची संवेदना असून त्याने शरीराचे तापमान उतरत नाही. उष्माघातावर तो उपाय नव्हे. खरचटलेल्या किंवा घामोळ्या फुटलेल्या त्वचेतून कापूर अधिक शोषला जातो. कापूर ज्वालाग्राही असल्याने तेल विस्तवावर असताना त्यात टाकू नये.

मात्रा

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या निकषांनुसार खाजेवरील बाह्य औषधांत कापराचे प्रमाण ०.१ ते ३ टक्के असते; ११ टक्क्यांहून अधिक कापूर कोणत्याही औषधात चालत नाही. १ टक्का मिश्रणासाठी ९९ मिलिलिटर खोबरेल तेलात १ मिलिलिटर कापराचे तेल पुरते. प्रथम हाताच्या आतील बाजूस थोडे लावून २४ तास पाहावे.

दक्षता

- डोळे, ओठ, नाकपुड्या व जखमा यांपासून तेल दूर ठेवावे.
- दोन वर्षांखालील मुलांना लावू नये.
- गर्भवती, अपस्माराचे रुग्ण व जी-६-पीडी विकराची कमतरता असलेल्यांनी वैद्यकीय सल्ल्याविना वापरू नये.
- डांबराच्या गोळ्या दिसायला कापरासारख्या असल्या, तरी त्या सामान्यतः नॅफ्थलीनच्या असतात. त्या तेलात घालू नयेत.

तेल पोटात गेल्यास काही मिनिटांतच झटके येऊ शकतात. अशा वेळी उलटी करवू नये. बाटलीसह रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे.