१९ लाखांचा हिशेब आणि ८ कोटींचं भाषण

गोदावरीच्या अलीकडे जालना जिल्हा, पलीकडे बीड. २००९ च्या लोकसभा निवडणुकीत दोन्हीकडच्या उमेदवारांना खर्चाची मर्यादा एकच होती, २५ लाख रुपये. बीडमधून निवडून आलेले गोपीनाथ मुंडे यांनी सादर केलेल्या हिशेबात खर्चाचा आकडा होता सुमारे १९ लाख ३६ हजार. चार वर्षांनी, २७ जून २०१३ रोजी, मुंबईतल्या एका पुस्तक प्रकाशन समारंभात मुंडे जाहीरपणे म्हणाले की, त्या निवडणुकीत आपल्याला ८ कोटी रुपये खर्च आला. निवडणूक आयोगाने लगेच नोटीस काढून विचारलं, लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १०अ खाली तुम्हाला अपात्र का ठरवू नये? वाढत्या निवडणूक खर्चाकडे लक्ष वेधण्यासाठी आपण तसं बोललो, अशी बाजू मुंडे यांनी मांडली. अपात्रतेची कारवाई झाली नाही आणि २०१४ मध्ये ते बीडमधूनच पुन्हा लोकसभेवर गेले.

या दोन आकड्यांपैकी खरा कोणता, हा प्रश्न पहिल्यांदा मनात येतो. पण हे दोन पुरावे एका तराजूत घालता येत नाहीत. एक शपथपत्रासह दिलेला हिशेब, दुसरा व्यासपीठावरून उच्चारलेला, तपशील नसलेला आकडा. शिवाय हिशेबात काय मागितलं जातं, तेही पाहायला हवं. कलम ७७ नुसार उमेदवाराने ठेवायचा हिशेब अर्ज भरल्यापासून निकाल लागेपर्यंतचाच असतो, आणि तोही त्याने किंवा त्याच्या निवडणूक प्रतिनिधीने केलेल्या किंवा मंजूर केलेल्या खर्चाचा. अर्ज भरण्याआधीचे मेळावे त्यात येत नाहीत. पक्षाच्या सर्वसाधारण प्रचाराला तर मर्यादाच नाही. म्हणजे ८ कोटी खर्च होऊनही कागदावर १९ लाख दिसावेत, एवढी जागा कायद्याने स्वतःच मोकळी ठेवली आहे. तसं प्रत्यक्षात घडलं, असं या कागदांवरून म्हणता येत नाही. घडू शकतं, एवढं मात्र नक्की म्हणता येतं.

ही मोकळी जागा काही नजरचुकीने राहिलेली नाही. १९७१ च्या दिल्ली सदर मतदारसंघातल्या निवडणुकीवरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर १९७४ रोजी निकाल दिला की, उमेदवाराच्या संमतीने पक्षाने त्याच्यासाठी केलेला खर्चही त्याच्याच खात्यात धरला पाहिजे. त्याच महिन्यात सरकारने वटहुकूम काढून तो निकाल निष्प्रभ केला आणि पाठोपाठ तसा कायदाही केला. ती तरतूद २००३ मध्ये गेली. सवलत उरली ती पक्षनेत्यांच्या प्रवासखर्चापुरती. पक्षांच्या एकूण खर्चावर मर्यादा मात्र तेव्हाही आली नाही.

मराठवाड्यातलंच दुसरं प्रकरण विधानसभेचं आहे, पण त्यात पुरावे जास्त टिकले. ऑक्टोबर २००९ मध्ये नांदेड जिल्ह्यातल्या भोकरमधून तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण निवडून आले. त्यांच्या हिशेबात वृत्तपत्रीय जाहिरातींचा खर्च होता ५,३७९ रुपये. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्या दिवसांतली वृत्तपत्रं समोर मांडून दाखवलं की, चव्हाणांचं कौतुक करणारी पानंच्या पानं छापून आली होती आणि एकच मजकूर वेगवेगळ्या दैनिकांत ‘बातमी’ म्हणून आला होता. भाषण हवेत विरतं. छापलेलं पान राहतं आणि शेजारी ठेवून ताडून पाहता येतं. चव्हाणांचे प्रतिस्पर्धी माधवराव किन्हाळकर आयोगाकडे गेले. हिशेब मुदतीत आणि ठरलेल्या नमुन्यात आला की आयोगाचं काम संपतं, असा चव्हाणांच्या बाजूचा युक्तिवाद होता. ५ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला: हिशेब खरा आहे का, हेही आयोगाने तपासावं. जुलैमध्ये आयोगाने चव्हाणांविरुद्ध आदेश दिला, १२ सप्टेंबर २०१४ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने तो रद्द केला. चव्हाण सुटले, पण आयोगाचा अधिकार कायम राहिला. माझ्या मते या प्रकरणाची खरी कमाई हीच आहे.

पैसा येतो कुठून, याचे कागद आणखी विरळ. टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला राजकीय पक्षांना देणगी देता यावी म्हणून घटनापत्रात बदल करायचा होता. मुंबई उच्च न्यायालयाने १९५७ मध्ये तो मान्य केला, पण मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी यातला लोकशाहीला असलेला धोका निकालपत्रातच नोंदवून ठेवला. कंपन्यांच्या देणग्यांवर १९६९ मध्ये बंदी आली, १९८५ मध्ये ती उठली आणि २०१७ मध्ये रकमेवरची मर्यादाही गेली. पक्षांना निनावी देणगी देण्याची सोय असलेले निवडणूक रोखे सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी घटनाबाह्य ठरवले. त्यानंतर आधी दोन सुट्या याद्या बाहेर आल्या, एक रोखे विकत घेणाऱ्यांची आणि एक ते वटवणाऱ्या पक्षांची. दोन्ही जोडणारे क्रमांक २१ मार्चला हाती आले, तेव्हा कुठे देणारा आणि घेणारा एकत्र दिसले.

आता जालन्याकडे या. २००९ मध्ये जालना लोकसभेचा निकाल ८,४८२ मतांनी लागला होता. इतक्या चुरशीच्या लढतीत खर्चाची मर्यादा पाळणारा आणि न पाळणारा यांच्यात समान सामना होऊच शकत नाही. २०२४ मध्ये ही मर्यादा ९५ लाखांवर गेली होती. मंडप, खुर्च्या, स्पीकर, चहा यांचे दर जिल्हा प्रशासन ठरवून देतं आणि त्या दरांवर उमेदवाराचा हिशेब तपासला जातो. निकालानंतर ३० दिवसांत तो जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे जमा करावा लागतो. हा हिशेब शोधताना परतूर आणि घनसावंगीच्या मतदारांनी लक्षात ठेवावं, त्यांचा जिल्हा जालना असला तरी लोकसभा मतदारसंघ परभणी आहे.

१९६१ च्या निवडणूक नियमांनुसार हा हिशेब कोणीही पाहू शकतो. फी एक रुपया. पुढच्या निवडणुकीनंतर तुमच्या गावात झालेली सभा आठवा, दरपत्रक हातात घ्या आणि तो कागद एकदा मागून वाचा.