दोन डगरींवर पाय

‘दोन डगरींवर पाय ठेवणं’ हा वाक्प्रचार मराठीत कुणी कौतुकाने वापरत नाही. डगर म्हणजे नदीचा उंच काठ. दोन्हीकडे पाय ठेवायला जाणारा शेवटी मधल्या पाण्यात पडणार, हे आपण धरूनच चालतो. पण काही प्राण्यांचं आणि काही यंत्रांचं सगळं आयुष्यच दोन डगरींवर चालतं. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात त्यांना एक भारदस्त नाव होतं : उभयचर.

मी अंबडला राहतो आणि इथल्याच एमआयडीसीत रबरी सील बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात क्वालिटीचं काम बघतो. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण सहाशे मीटर उंचावर. सह्याद्री ओलांडला की अरबी समुद्र सरळ रेषेत शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, तरी त्र्यंबकला उगवणारी गोदावरी त्याच्याकडे पाठ फिरवते आणि सुमारे १,४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. समुद्राशी आमचा संबंध एवढाच. त्यामुळे पाण्यात उतरणारे रणगाडे, जमिनीवर धावणाऱ्या होड्या हा विषय कोकणातल्या माणसाने लिहावा, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटायचं. पण वाचायला लागलो आणि दिसलं, की भारतातल्या उभयचर युद्धाची बरीचशी शिकवणी या कोरड्या दख्खनच्या पठारावरच झालेली आहे.

धरणाच्या काठावरचं जहाज

१९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला. तो परत घ्यायचा तर दोन वाटा होत्या. एक, ईशान्येच्या डोंगरांतून आणि जंगलांतून. दुसरी, बंगालच्या उपसागरातून थेट किनाऱ्यावर उतरून. दुसरी वाट धरायची तर हजारो सैनिकांना जहाजातून होडीत, होडीतून गुडघाभर पाण्यात आणि पाण्यातून गोळीबारात कसं जायचं हे शिकवायला हवं होतं.

त्यासाठी मुंबईजवळ मढ-मार्वेच्या किनाऱ्यावर सराव सुरू झाला. तिथे आजही नौदलाचा ‘आयएनएस हमला’ हा तळ आहे. त्याचं नाव या काळातलंच, सैन्य किनाऱ्यावर उतरवणाऱ्या नौकांच्या प्रशिक्षणातून आलेलं. पण शिकवणी फक्त समुद्रावर चालत नव्हती. पुण्याजवळ खडकवासला धरणाच्या उत्तर काठावर एक नकली जहाज उभं केलं होतं. नाव अगदी खऱ्या जहाजासारखं : एचएमएस अँगोस्टुरा. ज्या पाण्याला भरती नाही, ओहोटी नाही, मीठ नाही, त्या पाण्याशेजारी सैनिक समुद्रातून चढाई करायला शिकत होते.

पुढे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी जागा शोधताना हे जुनं प्रशिक्षण केंद्र आणि वापरात नसलेलं ते नकली जहाज खडकवासल्याच्या बाजूने जमेला धरलं गेलं. ६ ऑक्टोबर १९४९ रोजी नेहरूंनी प्रबोधिनीची कोनशिला बसवली. म्हणजे एनडीएच्या जन्माच्या गोष्टीत कधीच न तरंगलेल्या एका जहाजाचाही वाटा आहे.

त्या शिकवणीचं पुढे काय झालं, ते आणखी चमत्कारिक आहे. १९४३ च्या शेवटी अंदमानवर समुद्रातून हल्ला करायची ‘ऑपरेशन बकेनीअर’ नावाची योजना आखली गेली आणि डिसेंबरात रद्दही झाली, कारण सैन्य उतरवणाऱ्या नौका युरोपात हव्या होत्या. अहमदनगर परिसरात असलेली ब्रिटिशांची दुसरी डिव्हिजन किनाऱ्यावर उतरण्यासाठी तयार होत होती. एप्रिल १९४४ मध्ये तिला घाईघाईने पाठवलं गेलं ते कोहिमाला, साधारण चौदाशे मीटर उंचीवरच्या डोंगरात. पाण्यातून चढाई करायला शिकलेली माणसं चिखलाच्या उतारांवर खंदकाखंदकातून लढली.

मोठी समुद्री चढाई अखेर मलायात झाली, ९ सप्टेंबर १९४५ ला. जपानने शरणागतीवर सही करून आठवडा झाला होता. समोर लढणारं कुणी नव्हतं, तरी कितीतरी गाड्या मोरिबच्या किनाऱ्यावरच्या मऊ चिखलात रुतून बसल्या. नकाशावर जमीन आणि पाणी यांच्यामध्ये एक बारीक रेघ असते. प्रत्यक्षात तिथे चिखल असतो, आणि उभयचराची खरी परीक्षा त्या चिखलातच होते.

बदक नावाचा ट्रक

या चिखलासाठीच अमेरिकेत १९४२ मध्ये एक गाडी तयार झाली होती. जनरल मोटर्सचा सहा चाकांचा अडीच टनी ट्रक घेतला, त्याभोवती होडीचा सांगाडा बसवला, मागे पंखा लावला. कंपनीच्या सांकेतिक अक्षरांनुसार तिचं नाव पडलं ‘डीयूकेडब्ल्यू’. सैनिकांनी लगेच ‘डक’ करून टाकलं, म्हणजे बदक.

लष्कराला सुरुवातीला ही कल्पना फारशी पटली नव्हती. मग डिसेंबर १९४२ मध्ये प्रॉव्हिन्सटाउनजवळ, वादळात, तटरक्षक दलाची एक नौका वाळूत अडकली. चाचणीसाठी तिथे असलेल्या बदकाने जाऊन सातही माणसं बाहेर काढली. त्यानंतर शंका घेणारे गप्प बसले. युद्ध संपेपर्यंत एकवीस हजारांच्या आसपास बदकं तयार झाली.

गाडीतली सगळ्यात हुशार गोष्ट पंखा नव्हता, चाकं होती. वाळूवर आलं की ड्रायव्हर आपल्या जागेवरूनच टायरमधली हवा कमी करायचा, डांबरी रस्ता लागला की पुन्हा भरायचा. बदक रस्त्यावर ताशी ऐंशी किलोमीटर जायचं आणि पाण्यात जेमतेम दहा. चांगल्या ट्रकपेक्षा वाईट ट्रक, चांगल्या होडीपेक्षा वाईट होडी. पण जिथे ट्रक थांबतो आणि होडीही थांबते, तिथे त्याच्याशिवाय कुणी नव्हतं.

तलावांवरून उडणारी विमानं

विमानांतही हाच हिशोब. नाशिकजवळ ओझरला १९६० च्या दशकापासून लढाऊ विमानं बनतात, मिगपासून सुखोईपर्यंत. त्यांना लांबलचक पक्की धावपट्टी लागते. पण १९३० च्या दशकात जगात अशा धावपट्ट्याच कमी होत्या, आणि तलाव मात्र भरपूर. म्हणून इम्पीरियल एअरवेजची ‘उडत्या होड्या’ म्हणवली जाणारी विमानं कराचीहून निघून राजस्थानातला राजसमंद, मग ग्वाल्हेरकडचा तलाव अशी पाण्यावर टेकत टेकत कलकत्त्याला पोचायची. पोट होडीचं, त्यामुळे ती पाण्यावरच उतरत. पाणी आणि जमीन दोन्हीवर उतरायचं तर चाकंही हवीत, म्हणजे आणखी वजन.

स्वतंत्र भारताच्या नौदलाची पहिली विमानं अशीच दोन्हीकडची होती. १९५३ मध्ये कोचीला दहा ‘शॉर्ट सीलँड’ आली, आणि त्याच वर्षी ११ मे रोजी तिथला ‘आयएनएस गरुड’ हा तळ सुरू झाला. आपल्या नौदलाचं हवेतलं पहिलं पाऊल उभयचर होतं.

पुढे गावोगाव धावपट्ट्या झाल्या आणि या विमानांचं काम संपत गेलं. अधूनमधून कुणीतरी पुन्हा प्रयत्न करतं. २०१४ मध्ये मुंबईच्या जुहूहून पवना धरणावर उतरणारी सेवा सुरू झाली होती. ३१ ऑक्टोबर २०२० ला अहमदाबादच्या साबरमतीहून केवडियाला जाणारं विमान मोठ्या गाजावाजात उडालं, आणि एप्रिल २०२१ मध्ये ती सेवा बंद पडली. दोन डगरींवर पाय ठेवायचा तर देखभालीचा खर्चही दोन डगरींचा येतो.

तुपाचा रिकामा डबा

२०२३ मध्ये आलेला ‘पिप्पा’ तुमच्यापैकी काहींनी मोबाइलवर पाहिला असेल. पिप्पा म्हणजे पंजाबीत तुपाचा रिकामा डबा. तो पाण्यात टाकला तर तरंगतो. ४५ कॅव्हलरीच्या जवानांनी आपल्या पीटी-७६ रणगाड्याला हे नाव दिलं होतं.

सोव्हिएत बनावटीचा हा रणगाडा चौदा टनांचा. मागच्या बाजूने पाण्याचे झोत सोडत तो नदीत पोहायचा. नद्यांनी चिरलेल्या पूर्व पाकिस्तानात त्याचा उपयोग होणार हे उघड होतं. पण तरंगायचं तर हलकं असायला हवं, आणि हलकं असायचं तर पत्रा पातळ हवा. त्याचं जाडातलं जाड चिलखत वीस मिलिमीटरच्या आसपास होतं. २१ नोव्हेंबर १९७१ ला गरीबपूरला चौदा पीटी-७६ पाकिस्तानच्या शॅफी रणगाड्यांसमोर उभे राहिले आणि जिंकले. मात्र समोरच्या तोफेचा गोळा लागला तर हा पत्रा आपल्याला वाचवणार नाही, हे आत बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. पोहण्याची किंमत अशी मोजावी लागते.

त्यानंतर पोहणारी वाहनं भारतीय सैन्याचा नेहमीचा भाग झाली, आणि गोष्ट पुन्हा पठारावर आली. मेकॅनाइज्ड इन्फंट्री रेजिमेंटचं केंद्र आजच्या अहिल्यानगरला आहे. या रेजिमेंटची बीएमपी-२ ही गाडी नदी पोहून जाते. सैन्यासाठी वाहनं घडवणारी आणि तपासणारी डीआरडीओची संस्था, व्हीआरडीई, तीही अहिल्यानगरलाच. टाटांबरोबर तिने बनवलेलं आठ चाकांचं ‘व्हॅप’ हे वाहनसुद्धा उभयचर आहे. ज्या जिल्ह्याचं नाव आपण दुष्काळाच्या आणि टँकरच्या बातम्यांत वाचत मोठे झालो, तिथे पोहणाऱ्या गाड्यांचं शास्त्र शिकवलं जातं.

पाणी बाहेर, पाणी आत

या सगळ्या यंत्रांकडे मी माझ्या कामाच्या चष्म्यातून बघतो. आमच्याकडे लीक टेस्ट असते. पार्टमध्ये हवा भरायची, पाण्याच्या टाकीत बुडवायचा आणि बुडबुडा येतो का बघायचं. एक बुडबुडा आला तरी माल रिजेक्ट. पोहणाऱ्या रणगाड्याचं सगळं शहाणपण या टाकीत सामावतं. दाराला सील, शाफ्टला सील, पुढे पाणी अडवायला पत्रा, आणि एवढं करूनही आत शिरलेलं पाणी बाहेर फेकायला पंप. यंत्र उभयचर होतं ते पाण्याला दार बंद करून.

बेडूक नेमकं उलटं करतो. तो तोंडाने पाणी पीत नाही, त्वचेतून शोषून घेतो. श्वासही काही प्रमाणात त्वचेतूनच घेतो. लहानपणी कल्ले, मोठेपणी फुप्फुसं, आणि दोन्ही काळांत ही उघडी कातडी. १७५८ मध्ये लिनिअसने ‘अँफिबिया’ हा वर्ग केला तेव्हा त्यात साप-सरडेही कोंबले होते आणि सगळ्यांना मिळून ओंगळ ठरवलं होतं. पण ‘दोन आयुष्यं’ हा त्या ग्रीक शब्दाचा अर्थ बेडकालाच खरा लागू पडतो.

पठाराला तर तो आमच्यापेक्षा चांगला ओळखतो. आपला मोठा बेडूक, होप्लोबॅट्रॅकस टायगरिनस, कोरडे महिने मातीत दडून काढतो. पहिला जोरदार पाऊस झाला की नर पिवळेधमक होतात, गळ्याच्या निळ्या पिशव्या फुगवून ओरडतात आणि साचलेल्या डबक्यांत अंडी पडतात. त्याला समुद्र नको, नदीही नको. महिना-दीड महिना टिकणारं पाणी पुरतं.

याच बेडकाच्या तंगड्या आपण परदेशी ताटांसाठी विकल्या. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला निर्यात वर्षाला काही हजार टनांवर गेली होती. शेतातले किडे खाणारा प्राणी विकून कीटकनाशकं विकत घ्यायची, हा हिशोब अनेकांना खटकला. १९८५ मध्ये या जातीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आलं आणि १९८७ मध्ये भारताने निर्यातच बंद केली.

गंमत म्हणजे ज्या अंदमानवरचा हल्ला १९४३ मध्ये नौकांअभावी रद्द झाला, ते या बेडकाने गेल्या काही दशकांत घेतलं. बहुधा मत्स्यशेतीच्या बीजाबरोबर तो तिथे पोचला आणि बेटाबेटांवर पसरला. आता तिथल्या छोट्या प्राण्यांसाठी तो संकट झाला आहे.

म्हणून बेडूक दुबळा आहे असं मला म्हणायचं नाही. पण जगातल्या उभयचरांच्या साधारण ४१ टक्के जाती आज धोक्यात आहेत, असं २०२३ मधल्या जागतिक अभ्यासात दिसलं. सस्तन प्राणी आणि पक्षी यांच्यापेक्षा हे प्रमाण बरंच जास्त आहे. कारण कळायला अवघड नाही. जमीन बिघडली तरी त्याला लागतं, पाणी बिघडलं तरी लागतं, आणि त्याच्याकडे सील नाही.

सातपूर-अंबडच्या औद्योगिक पट्ट्याजवळून वाहत येणारी नासर्डी, म्हणजे कागदोपत्री आताची नंदिनी, पुढे गोदावरीला मिळते. तिच्यात सांडपाणी मिसळतं हे नाशिकमध्ये कुणाला नव्याने सांगावं लागत नाही. बीएमपी-२ या पाण्यातून सहज पार होईल, तिला फरक पडणार नाही. बेडकासाठी मात्र ते पाणी म्हणजे त्याचं पिणं आणि त्याचा श्वास आहे.

मोकळे प्लॉट भरून सपाट होतात, रस्त्याकडेच्या चाऱ्यांना काँक्रीट लागतं. त्यात चूक काय, असं विचारणाऱ्यांत मीही असतो. माझा पगार अशाच एका प्लॉटवरून येतो. तरी एखाद्या कोपऱ्यातलं डबकं पहिल्या पावसानंतर लगेच मुरूम टाकून न बुजवता आषाढ संपेपर्यंत तसंच राहू दिलं, तर कुणाचं उत्पादन थांबत नाही. तेवढ्या दिवसांत अंड्यातून निघालेली शेपटीवाली पिल्लं पाय फुटून बाहेर पडतात, आणि मग ते पाणी आटलं तरी चालतं.