पेल्यावरचें झांकण

स्पॅनिश भाषेंत 'तापा' म्हणजे झांकण. मद्याच्या पेल्यावर पावाचा किंवा हॅमचा तुकडा ठेवावा, म्हणजे आंत माशी पडत नाहीं. पिण्यापूर्वीं तो तुकडा तोंडांत टाकावा. आणि अशा रीतीनें झांकणाचेंच खाद्य झालें, अशी या शब्दाची रूढ उपपत्ति आहे. आपल्याकडे या प्रकारास चखणा म्हणतात. हा शब्द सभ्य मासिकांत छापावा कीं नाहीं याविषयीं मतभेद होईल. परंतु तितका नेमका दुसरा शब्द मला तरी सुचत नाहीं.

तापाच्या जन्माविषयीं स्पेनमध्यें दोन राजांच्या कथा सांगतात. पहिली दहाव्या आल्फोन्सोची. हा १२५२ पासून १२८४ पर्यंत कास्तीलचा राजा होता. तो आजारी असतां वैद्यांनीं थोडें थोडें मद्य व त्याबरोबर थोडें थोडें अन्न घेण्यास सांगितलें, गुण आला, आणि मग खाण्यावांचून मद्य विकूं नये असें त्यानें सर्व पिठ्यांना फर्माविलें. दुसरी कथा १९३१ सालीं पदच्युत झालेल्या तेराव्या आल्फोन्सोची. काडीझच्या समुद्रकांठीं एका खाणावळींत तो थांबला असतां वारा सुटला, आणि पेल्यांत वाळू पडूं नये म्हणून एका चतुर नोकरानें वर हॅमची चकती ठेवली. राजानें दुसरा पेला मागवितांना तोहि झांकणासह आणावयास सांगितलें! दोन्ही कथा गोड आहेत आणि दोहोंसहि कागदाचा आधार नाहीं. राजानें केल्याखेरीज कोणत्याहि गोष्टीस प्रतिष्ठा येत नाहीं अशी सर्व देशांतील लोकांची समजूत असते, तिचींच हीं अपत्यें. अठराव्या शतकाच्या आरंभीं स्थापन झालेल्या स्पॅनिश अकादमीनें तापाचा हा अर्थ आपल्या कोशांत घेतला तो १९३६ च्या आवृत्तींत, आणि तोहि आंदालुसिया प्रांतींच्या बोलींतला म्हणून.

शब्द असा अर्वाचीन. वस्तु मात्र जुनी आहे. सेर्व्हान्तेसच्या 'डॉन किहोते'चा दुसरा भाग १६१५ सालीं निघाला. त्याच्या चौपन्नाव्या प्रकरणांत सांचो पांझाला वाटेंत आपला जुना गांवकरी रिकोते भेटतो. रिकोते दुकानदार, जातीनें मोरिस्को, म्हणजे बाटून ख्रिस्ती झालेल्या मुसलमानांच्या वंशांतला. १६०९ ते १६१४ या वर्षांत सुमारें तीन लाख मोरिस्कोंना स्पेनच्या राजानें देशाबाहेर घालविलें, त्यांत हाहि गेला होता. आतां परदेशी यात्रेकरूंच्या मेळ्यांत मिसळून, वेष पालटून, तो परत आला आहे. ही मंडळी गवतावर बसून शिदोऱ्या सोडतात. पाव, मीठ, अक्रोड, चीजचे तुकडे, सुकलेलीं ऑलिव्हचीं फळें, माशांच्या अंड्यांचा केलेला एक काळा, तहान चाळविणारा पदार्थ, चोखण्यापुरतीं उरलेलीं हॅमचीं हाडें, आणि प्रत्येकापाशीं मद्याचा एकेक बुधला. जेवण असें यांत कांहींच नाहीं, सगळा चखणाच.

या हॅमच्या हाडापाशीं वाचकानें क्षणभर थांबावें. १४७८ सालीं स्थापन झालेलें स्पेनचें इन्क्विझिशन १८३४ पर्यंत टिकलें, आणि त्याची नजर लोकांच्या चुलीवर असे. अमक्या घरीं डुकराचें मांस खात नाहींत, तमक्या घरीं मांस चरबीऐवजीं तेलांत परततात, शनिवारचें अन्न शुक्रवारींच शिजवून ठेवतात, असल्या साक्षी शेजाऱ्यांनीं व मोलकरणींनीं दिल्या आणि त्यांवरून खटले झाले. अशा देशांत चारचौघांसमक्ष हॅम खाणें व मद्य पिणें ही श्रद्धेची हजेरी होती. रिकोते सर्वांबरोबर खातो-पितो तें भुकेनें, संवयीनें, कीं भीतीनें, हें सेर्व्हान्तेस सांगत नाहीं. तो न सांगण्यांतच मोठा लेखक आहे.

आम्हां मराठी वाचकांस ही चूल-तपासणी परकी वाटूं नये. गोव्यांत पोर्तुगीजांचें इन्क्विझिशन १५६० सालीं आलें आणि, मधलीं थोडीं वर्षें वगळतां, १८१२ पर्यंत राहिलें. त्याच्या १७३६ च्या जाहीरनाम्यांत हिंदूंप्रमाणें मिठावांचून भात शिजविण्याची ख्रिस्ती प्रजेस मनाई आहे; कै. अ. का. प्रियोळकरांच्या १९६१ च्या इंग्रजी ग्रंथामुळें तें आपणांस ठाऊक झालें. चिमूटभर मिठावरून माणसाचा देव ओळखणारी ही विद्या! त्याच पोर्तुगीजांनीं आपणांस बटाटा दिला, वस्तु आणि शब्द दोन्हीहि. स्पेनमध्यें त्याच अमेरिकन कंदाची अंड्यांत घालून जाड पोळी करतात, व तिचे चौकोनी तुकडे आज बहुतेक प्रत्येक बारमध्यें मिळतात.

पिठ्यांत माणसें पाहिलीं जातात तशीं तेथें तीं लपूंहि शकतात. माद्रिदच्या पुएर्ता देल सोल चौकाजवळ 'कासा लाब्रा' नांवाचें दुकान १८६० पासून आहे. तळलेल्या कॉड माशाबद्दल त्याची ख्याति. २ मे १८७९ रोजीं तेथें पंचवीस माणसें जेवावयास जमलीं. त्यांपैकीं सोळा छापखान्यांतले. पाब्लो इग्लेसियास हा जुळारी त्यांचा म्होरक्या. जेवण हें निमित्त होतें. त्या दिवशीं गुप्तपणें स्पेनचा समाजवादी मजूर पक्ष स्थापन झाला. त्याच पक्षाचा पंतप्रधान १९८२ पासून १९९६ पर्यंत अधिकारावर होता. मोठ्या हॉटेलांत हें घडलें नसतें. उभ्यानें खाणाऱ्यांच्या गर्दींत कोण कोणाशीं काय बोलतो याची दाद कोणी घेत नाहीं, निदान घेणें कठीण पडतें.

१९३६ ते १९३९ च्या यादवीनंतर शिधापत्रिका आल्या, त्या १९५२ पर्यंत राहिल्या. ज्या देशांत पावहि मोजून मिळत होता त्यांत पेल्याबरोबर मिळणाऱ्या चार ऑलिव्हांची किंमत काय असेल, याची कल्पना युद्धकाळांतील रेशनच्या रांगा ज्यांच्या घरांतून सांगितल्या जातात त्यांस सहज येईल. ग्रानाडा शहरांत आजहि पेल्यामागें एक तापा फुकट देतात.

१४ मार्च २०२० रोजीं महामारीमुळें स्पेनमध्यें आणीबाणी पुकारली गेली आणि हीं सर्व दुकानें बंद झालीं. पुढें तीं उघडलीं. सेव्हिल्ये शहरांत 'एल रिंकोन्सिल्यो' हें त्यांतलें एक, १६७० सालचें. तेथें गिऱ्हाइकाचा हिशेब त्याच्यासमोरच लांकडी फळीवर खडूनें लिहितात, आणि पैसे चुकते झाले कीं पुसून टाकतात.