गारठलेलं इंजिन काय सांगतं?

प्रीमियर पद्मिनीची ओळख मुंबईकरांना नव्यानं करून द्यायला नको. कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० च्या धर्तीवर बनणाऱ्या या मोटारीला १९७४ मध्ये हे नाव मिळालं. २०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस ती मुंबईच्या टॅक्सींमधून निवृत्त झाली. तिच्याबरोबर एक विद्याही रस्त्यावरून उतरली. ती म्हणजे कार्ब्युरेटर ओळखण्याची विद्या.

पुण्या-नाशिकच्या थंडीत ही गाडी पहाटे सुरू करायची म्हणजे आधी चोक ओढायचा, मग किल्ली फिरवायची. इंजिन एक-दोनदा खोकायचं, थरथरत चालू व्हायचं आणि पाय काढला की बंद पडायचं. असं का व्हायचं?

पेट्रोल द्रवरूपात नीट जळत नाही. त्याची वाफ होऊन ती हवेत मिसळावी लागते. हे काम सोपं केलं ते १८९३ मध्ये जर्मनीच्या विल्हेल्म मायबाखनं. बारीक छिद्रातून पेट्रोलचा फवारा उडवणारा कार्ब्युरेटर त्यानं बनवला. त्याच वर्षी बुडापेस्टमध्ये बांकी आणि चोंका या जोडीनंही तसाच शोध लावला. अरुंद गळ्यातून हवा वेगानं गेली की तिथला दाब घटतो आणि पेट्रोल आपोआप खेचलं जातं. पेट्रोल एक भाग, तर हवा वजनानं सुमारे पावणेपंधरा भाग, असं हे प्रमाण.

थंडीत हा हिशेब बिघडतो. पेट्रोलची पुरेशी वाफ होत नाही. त्यातलं काही गार नळीच्या भिंतींनाच चिकटतं आणि इंजिनपर्यंत पातळ मिश्रण पोचतं. म्हणून चोक हवेची वाट अडवतो, म्हणजे पेट्रोलचं प्रमाण वाढतं.

जाणता मिस्त्री इथूनच तपास सुरू करी. चोक ओढल्यावर इंजिन शांत चालतं आणि सोडल्यावर थरथरतं? मग पेट्रोल कमी पडतंय. स्लो स्पीडच्या केसाएवढ्या जेटमध्ये कचरा अडकला असेल, किंवा गॅस्केटमधून हवा शिरत असेल. रबरी नळीचं एक टोक कानाला लावून तो ती 'सूं' ऐकायचा. चोक ओढल्यावर उलट जास्त गुदमरतं, काळा धूर येतो? मग पेट्रोल जादा होतंय. फ्लोटची सुई बसत नसेल किंवा हवेचा फिल्टर चोंदला असेल. चोकनं काहीच फरक पडत नाही? मग प्लग, पॉइंट आणि व्हॉल्व्ह बघायचे. काजळी धरलेला प्लग एक गोष्ट सांगतो, पांढराफटक प्लग दुसरी.

घाईचा कारागीर मात्र आधी मिश्रणाचा स्क्रू फिरवतो. गाडी त्या दिवशी गप्प होते, पण मूळ दोष झाकला जातो आणि पेट्रोल वाया जात राहतं.

२००० नंतर प्रदूषणाचे नियम कडक झाले, तसे नव्या मोटारींतून कार्ब्युरेटर गेले. २०२० च्या नव्या नियमांनी बहुतेक दुचाकींमधूनही ते हटले. आता इंजिन किती गार आहे हे सेन्सर मोजतो आणि पेट्रोल किती सोडायचं ते संगणक ठरवतो. हवा त्यामुळे स्वच्छ राहते, हा फायदा मोठाच.

पण जुन्या गाड्या अजून कुणाकुणाच्या अंगणात जपलेल्या आहेत. त्यांचे मिस्त्री मात्र थकत चाललेत, आणि त्यांचं ज्ञान कुठल्या वहीत उतरलेलं नाही. असा एखादा मिस्त्री ओळखीचा असेल, तर गाडी दुरुस्त करून घेताना एखादा पोरगा त्याच्या शेजारी बसवा.