रोखेबाजारातील व्यवहारपटल

रोख्यांच्या खरेदीविक्रीच्या मागण्या नोंदविण्यासाठी व बाजारभाव दाखविण्यासाठी संगणकाच्या पडद्यावर केलेली मांडणी. मुंबई शेअरबाजारात (स्थापना १८७५) व्यवहार प्रदीर्घ काळ रिंगणात पुकारा करून व हातांच्या खुणांनी होत. तरवणीवाले खरेदीचा व विक्रीचा असे दोन्ही भाव सांगत. ठरलेला सौदा वहीत टिपला जाई. आपला सौदा नेमक्या कोणत्या भावाने झाला, हे बाहेरगावच्या गुंतवणूकदाराला पडताळून पाहणे कठीण असे.

राष्ट्रीय शेअरबाजाराने ३ नोव्हेंबर १९९४ रोजी भागांचे व्यवहार पडद्यावर सुरू केले. उपग्रहाद्वारे दूरची गावे जोडली गेल्याने रिंगणाची आवश्यकता उरली नाही. मुंबई शेअरबाजारानेही मार्च १९९५ मध्ये ‘बोल्ट’ ही प्रणाली स्वीकारली. पटलावर खरेदीचे व विक्रीचे सर्वोत्तम भाव समोरासमोर दिसतात. मागण्यांची जुळणी प्रथम भावाच्या व नंतर वेळेच्या अग्रक्रमाने होते. मागणी कोणाची, हे मात्र गुप्त राहते.

पुकाऱ्यातील चूक समोरचा दलाल जागच्या जागी लक्षात आणून देऊ शके. संगणक भरलेला आकडाच प्रमाण मानतो. ५ ऑक्टोबर २०१२ रोजी एका दलालाकडील कर्मचाऱ्याने सतरा लाख रुपये ही विक्रीची रक्कम नगसंख्येच्या रकान्यात भरली. त्यामुळे सुमारे ६५० कोटी रुपयांचे सौदे झाले, निफ्टी निर्देशांक १५ टक्क्यांहून अधिक कोसळला व व्यवहार काही काळ थांबले. रकान्यांची स्पष्ट मांडणी, मागणीची फेरखात्री व रकमेची मर्यादा यांवर केवळ दलालाची सोय नव्हे, तर बाजाराची सुरक्षितताही अवलंबून असते.